थायलंडचा निवृत्ती व्हिसा: आठ लाख बाथ कागदावर कसे दाखवायचे

चियांग माईला येऊन राहायचे ठरवलेले मराठी लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पैसे दाखवावे लागतात हो?" उत्तर एका ओळीचे आहे. वय ५० पूर्ण आणि थाई बँकेत ८,००,००० बाथ. एका बाथला पावणेतीन रुपये धरले तर साधारण २२ लाख रुपये. आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या, मुलांची शिक्षणे उरकलेल्या अनेकांकडे एवढी शिल्लक असते. तरीही त्यांचे अर्ज परत येतात.

मी बँकेत ३४ वर्षे काढली. हजारो लोकांचे कागद तपासले. स्वतःचे कागद दुसऱ्या देशाच्या खिडकीवर द्यायची वेळ आली तेव्हा कळले की इथे रकमेइतकाच रकमेचा प्रवास बघतात. पैसे कोणाच्या नावावर आहेत, कुठून आले आणि किती दिवसांपासून आहेत, ही तीन उत्तरे कागदावर दिसली पाहिजेत. तोंडी सांगून काही होत नाही. पुढचे सगळे या तीन प्रश्नांभोवतीच आहे.

आधी रस्ता निवडा

निवृत्तीसाठी येणाऱ्याला प्रामुख्याने दोन प्रकारचे व्हिसा मिळतात. पहिला नॉन-इमिग्रंट ओ-ए. हा भारतातूनच घ्यायचा, एक वर्षाचा मिळतो. अर्जाच्या वेळी पैसे भारतातल्या बँकेत असले तरी चालतात. पण त्याला पोलिसांचा चारित्र्य दाखला, वैद्यकीय दाखला आणि ३०,००,००० बाथ किंवा १,००,००० डॉलरचे संरक्षण देणारा आरोग्य विमा लागतो. दुसरा नॉन-इमिग्रंट ओ. हा ९० दिवसांचा असतो. त्या ९० दिवसांत थायलंडमध्ये खाते उघडायचे, पैसे आणायचे आणि तिथल्या इमिग्रेशन कचेरीत एक वर्षाची मुदतवाढ मागायची. दोन्हींचे अर्ज आता थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरून करता येतात.

ज्यांना परवडणाऱ्या दरात विमा मिळतो आणि घाई नाही, त्यांनी ओ-ए घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे हलवायला वर्षभराची सवड मिळते, आणि या सवडीची किंमत पुढे टीसीएसचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते त्या कराचा, हिशेब आला की समजेल. सत्तरीच्या आसपास असाल, मधुमेह किंवा हृदयाचा आजार असेल, तर विम्याचा हप्ता ऐकून बरेच जण ओ कडे वळतात. मीही तेच केले.

मुदतवाढ मागताना पैसे तीन रीतींनी दाखवता येतात. एक, थाई बँकेत ८,००,००० बाथ. दोन, दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न. तीन, दोन्ही मिळून वर्षाचे ८,००,०००. तिसऱ्या रीतीचे उदाहरण घ्या. पेन्शन महिन्याला ४०,००० बाथ, म्हणजे साधारण १,१०,००० रुपये असेल, तर वर्षाचे ४,८०,००० बाथ होतात. उरलेले ३,२०,००० बँकेत ठेवायचे.

कागदावर तिसरी रीत सर्वांत सोयीची वाटते. प्रत्यक्षात नवख्या माणसाने पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये. उत्पन्न दाखवायचे तर दर महिन्याला परदेशातून पैसे आल्याच्या नोंदी लागतात, आणि आल्या आल्या तुमच्याकडे बारा महिन्यांच्या नोंदी कुठून असणार? पहिले वर्ष सरळ ठेवीवर काढा. भारतातल्या पेन्शनमधून महिन्याला ६५,००० बाथ, म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर, येणारे लोक तसेही मोजकेच. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना तर ईपीएसचे काही हजार मिळतात, बाकी सगळे व्याज आणि घरभाडे.

जॉइंट खात्याची सवय इथे नडते

आपल्याकडे सगळे दोघांच्या नावावर असते. बचत खाते 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', एफडीवर दोघांची नावे, पोस्टाची मासिक प्राप्ती योजनाही जॉइंट. ही शहाणपणाची सवय आहे आणि बँकेत असताना मी स्वतः लोकांना हेच सांगत आलो. थाई इमिग्रेशनसमोर मात्र ती अडचण ठरते. पैसे अर्जदाराच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यात हवेत. जॉइंट खाते दाखवले की निम्मे पैसे दुसऱ्याचे, असा हिशेब सुरू होतो.

म्हणून निघण्यापूर्वी किमान सहा महिने भारतात एका खात्यात, एकट्या अर्जदाराच्या नावावर, पैसे गोळा करायला लागा. एफडी मोडायच्या तर त्या खात्यात मोडा, म्हणजे स्टेटमेंटवर 'एफडी क्लोजर' अशी नोंद येईल आणि पैसा कुठून आला हे आपोआप दिसेल. निवृत्तीचे पैसे, ग्रॅच्युइटी, पीएफ, फ्लॅट विकल्याची रक्कम, जे काही असेल त्याचा एकेक कागद त्या नोंदीशी जोडून ठेवा. फ्लॅट विकला असेल तर सूची क्रमांक २ ची प्रत आणि तिचे इंग्रजी भाषांतर जपून ठेवा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याकडून हातउसने दहा लाख घेऊन खाते फुगवणारे लोक मी पाहिले आहेत. खिडकीपलीकडच्या माणसाने असली स्टेटमेंट रोज पाहिलेली असतात. एकदम आलेला मोठा आकडा त्याला सगळ्यात आधी दिसतो.

काय चालत नाही तेही सांगतो. पतसंस्थेतली ठेव चालत नाही. आपल्या गावाकडे आयुष्याची निम्मी बचत पतसंस्थेत असते, पण पतसंस्थेला परदेशी पैसे पाठवता येत नाहीत. हे काम परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेचेच. अनेक सहकारी बँकांकडेही तो परवाना नसतो, तेव्हा शाखेत जाऊन आधी एवढेच विचारा, "तुमच्याकडून परदेशी टीटी होते का?" टीटी म्हणजे बँकेतून थेट परदेशातल्या खात्यात रक्कम पाठवणे. उत्तर अडखळत आले तर पैसे दुसऱ्या बँकेत हलवा. सोने, शेतजमीन, शेअर आणि म्युच्युअल फंड यांची किंमत तुमच्या लेखी कितीही असो, या आठ लाखांत ती मोजली जात नाही. घराची किंमत तर नाहीच नाही.

नाव एकच हवे, अक्षरासह

मराठी माणसाचे नाव तीन भागांचे, आणि प्रत्येक कागदावर वेगळ्या क्रमाने लिहिलेले. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र. बँकेत आडनाव आधी. पॅनवर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. बायकांचे तर आणखी अवघड: माहेरच्या नावाचे शाळेचे दाखले, सासरच्या नावाचे आधार, आणि पासपोर्टवर कुठेतरी मधलेच काही.

हे सगळे आपल्याला कळते, थाई अधिकाऱ्याला कळायचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने ती दोन माणसे आहेत. मी माझ्या सर्व कागदांची नावे एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहून काढली तेव्हा चार वेगवेगळी माणसे निघाली. तुम्हीही करून बघा. पासपोर्टवरचे नाव प्रमाण धरा आणि बँक, पॅन, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ हे सगळे त्याच्याशी जुळवा. बँकेतले नाव बदलायला केवायसीचा अर्ज पुरतो. पीपीओ दुरुस्त व्हायला मात्र काही महिने जाऊ शकतात, म्हणून त्याला सगळ्यांत आधी हात घाला.

नवरा-बायको दोघे येणार असतील तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लागते. एकाने आठ लाख दाखवले की दुसऱ्याला सोबतचा जोडीदार म्हणून राहता येते, त्याला वेगळे आठ लाख लागत नाहीत. पण लग्न झाल्याचा सरकारी कागद हवा. आमच्या पिढीची लग्ने कार्यालयात लागली, पत्रिका आहे, आल्बम आहे, नोंदणी नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी उशिराही करता येते. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि पुरोहिताचा तपशील घेऊन जायचे. आमचे पुरोहित केव्हाच गेले होते, त्यामुळे एक जादा प्रतिज्ञापत्र करावे लागले आणि दोन फेऱ्या वाढल्या. प्रमाणपत्र हातात आल्यावर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि थायलंडची वकिलात असे सत्यांकन करून घ्यायचे. हे काम एजंटाला दिले तरी हरकत नाही, फक्त वेळ धरून ठेवा.

पैसे भारताबाहेर पाठवणे

निवासी भारतीयाला एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. आपल्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेच लागतात, तेव्हा मर्यादेची चिंता नाही. फॉर्म ए-टू भरायचा, पॅन द्यायचे, उद्देश लिहायचा. उद्देशाच्या रकान्यात जे खरे आहे तेच लिहा: परदेशातल्या स्वतःच्या खात्यात ठेव. काही शाखांमध्ये सवयीने 'प्रवास' लिहून टाकतात. थाई बँकेच्या रक्कम आल्याच्या पत्रावर तेच उमटले तर पुढे खुलासे करत बसावे लागते.

आता टीसीएस. एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत काही कापत नाहीत. त्यावरच्या रकमेवर, अशा ठेवीच्या उद्देशासाठी, बँक २० टक्के वसूल करते. २२ लाख एकदम पाठवले तर वरच्या १२ लाखांवर २,४०,००० रुपये. हा वेगळा कर नाही. विवरणपत्र भरले की तो तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत ते पैसे अडकतात, आणि नेमके त्याच महिन्यांत तुम्हाला घराचे डिपॉझिट, तिकिटे, विमा असा सगळा खर्च असतो. मी २०२५ च्या सुरुवातीला पाठवले तेव्हा ही मर्यादा ७ लाखांचीच होती आणि माझे पावणेतीन लाखांच्या आसपास अडकले. १ एप्रिल २०२५ पासून ती १० लाख झाली.

यावर सरळ आणि पूर्ण कायदेशीर उपाय आहे. मर्यादा आर्थिक वर्षाची आहे. दहा लाख मार्चमध्ये पाठवा, दहा लाख एप्रिलमध्ये, आणि वरच्या दोन लाखांवर जे ४०,००० कापले जातील ते जाऊ द्या. ओ-ए व्हिसावाल्यांना हे सहज जमते, कारण त्यांना थाई खात्यात पूर्ण रक्कम व्हिसाचे वर्ष संपत येते त्या सुमाराला लागते. ९० दिवसांच्या ओ वर येणाऱ्याला हे जमवायचे असेल तर थायलंडला पोचायची तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात धरावी लागेल. त्यातही पूर्ण रक्कम एप्रिल लागण्यापूर्वी जमा होत नाही, म्हणजे गणित फार काठावरचे. त्यापेक्षा टीसीएस भरून मोकळे व्हा.

आणखी दोन गोष्टी, दोन्ही छोट्या, दोन्ही महाग पडणाऱ्या. भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा आणि त्यावर रोमिंगमध्ये एसएमएस येतो याची घरी असतानाच खात्री करा. ओटीपी आला नाही तर पैसे तुमचे असूनही हात लावता येत नाही. दुसरे म्हणजे खात्याचा दर्जा. कायमचे बाहेर राहायला गेलात की परकीय चलन कायद्याने तुम्ही अनिवासी होता, बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे रुपया खाते, करून घ्यावे लागते आणि एलआरएसचा रस्ता बंद होतो. एनआरओमधून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण त्याला आयकराचे फॉर्म आणि सीएचा दाखला लागतो. म्हणून मोठी रक्कम निवासी असतानाच, निघण्याच्या टप्प्यावर हलवणे सोपे.

९० दिवसांचे गणित

ओ व्हिसावाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

मुदतवाढीचा अर्ज करण्याच्या दिवशी ८,००,००० बाथ थाई खात्यात किमान दोन महिने बसलेले हवेत. हातात दिवस ९०. म्हणजे खाते उघडून पैसे येईपर्यंत जास्तीत जास्त २८-३० दिवस. आणि नवख्या माणसाला थाई बँकेत खाते उघडणे दिवसेंदिवस कठीण होते आहे, कारण फसवणुकीसाठी भाड्याने दिलेल्या खात्यांमुळे बँका सावध झाल्या आहेत. एका शाखेने नाही म्हटले तर दुसरीत जा. इमिग्रेशनने दिलेला राहत्या पत्त्याचा दाखला आणि भाडेकरार सोबत असला की होकाराची शक्यता वाढते.

माझे काय झाले ते तारखांनिशी सांगतो. मी १० जानेवारी २०२५ ला पोचलो, म्हणजे ९ एप्रिल हा शेवटचा दिवस. खाते २४ जानेवारीला उघडले. त्याच आठवड्याअखेरीस मुलाच्या मदतीने पैसे पाठवले, दराचा अंदाज घेऊन आठ लाख पूर्ण होतील इतके डॉलर. ३ फेब्रुवारीला जमा झाले. मी मोबाइलवर रक्कम आल्याचा संदेश पाहिला आणि निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, आधी पासबुक छापून आणा ना. संदेशाचं काय घेऊन बसलात." पासबुक यंत्रात घातले, कर्रकर्र करत एक ओळ उमटली: ७,९८,६४०. मधल्या बँकेने तिचा आकार कापला होता, आणि डॉलरचा दरही दोन दिवसांत थोडा सरकला होता. १,३६० बाथ कमी. रुपयांत चार हजारसुद्धा नाहीत.

पण नियमाच्या भाषेत ८,००,००० झालेच नव्हते, म्हणजे दोन महिने सुरूच झाले नव्हते. लगेच दुसरी टीटी केली, ती ७ फेब्रुवारीला पोचली. दोन महिने भरले ७ एप्रिलला. तो सोमवार, आणि चक्री दिन रविवारी आल्यामुळे सोमवारी बदली सुट्टी. ८ एप्रिलला सकाळी सहा वाजता आम्ही कचेरीच्या दारात उभे होतो. हातात उरलेला एकच दिवस.

म्हणून सांगतो, आठ लाख लागत असतील तर सव्वाआठ लाख पाठवा. मधल्या बँकेचा आकार, दराची चढउतार, पासबुकाची फी, सगळे त्या पंचवीस हजारांत मावते. आणि या खात्याचे एटीएम कार्ड घेऊ नका, घेतले तर वापरू नका. रोजच्या खर्चाला दुसरे खाते ठेवा. भाजी घ्यायला काढलेल्या पाचशे बाथमुळे शिल्लक खाली गेली तर दोन महिने पुन्हा पहिल्यापासून.

पैसे आले की त्याच आठवड्यात बँकेकडून परदेशातून रक्कम आल्याचे पत्र मागून घ्या. नंतर मागितले तर शोधाशोध होते. पैसे बाहेरून आले हे दाखवणारा तोच खरा पुरावा. खिशात रोख आणून खात्यात भरलेले बाथ हा पुरावा देत नाहीत.

खिडकीवरचा दिवस

अर्जाचा फॉर्म टीएम ७, फोटो, पासपोर्ट आणि त्याच्या प्रती, राहत्या घराची टीएम ३० ची नोंद (घरमालकाने इमिग्रेशनला तुमचा पत्ता कळवल्याची), घराचा नकाशा, १,९०० बाथ फी. बँकेकडून दोन गोष्टी: शिल्लक दाखवणारे पत्र आणि पासबुक. पत्राला शंभर-दोनशे बाथ पडतात. दोन्ही शक्यतो त्याच दिवशीचे हवे. कचेरी उघडते सकाळी साडेआठला आणि मॉलमधल्या शाखा अकराला, त्यामुळे हे कसे जमवायचे हे आधी ठरवा. माझी पद्धत अशी: आदल्या दिवशी दुपारी बँकेचे पत्र घ्यायचे आणि अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेबाहेरच्या यंत्रातून शंभर बाथ भरून पासबुक छापायचे. त्या दिवशीची तारीख असलेली ओळ उमटते आणि शिल्लक जिवंत आहे हे दिसते. त्या शंभर बाथमुळे पत्रावरचा आकडा आणि पासबुकावरचा आकडा वेगळा होतो, पण मधली नोंद समोर असल्याने कोणी अडवत नाही.

पासबुकाच्या प्रत्येक पानाची प्रत काढा, कोऱ्या पानांची नको, आणि प्रत्येक प्रतीवर निळ्या शाईने सही करा. मी ज्या बाईंसमोर बसलो त्यांनी पत्र बाजूला ठेवले आणि पासबुक उघडले. बोट ७ फेब्रुवारीच्या ओळीवर ठेवले, मग एकेक ओळ खाली आणत शेवटच्या ओळीपर्यंत नेले. कुठेही ८,००,००० च्या खाली आकडा नाही याची खात्री झाल्यावर त्या "पॅत सॅन" म्हणाल्या आणि शिक्का उचलला. थाई भाषेत लाखाला स्वतंत्र शब्द आहे, सॅन. पॅत सॅन म्हणजे आठ लाख. मिलियनच्या हिशेबात अडखळणाऱ्या आपल्या लोकांना इथले आकडे पटकन समजतात ते यामुळेच. तारखांना मात्र जपा. थाई कागदांवर बुद्ध संवत असते, इसवी सनात ५४३ मिळवायचे, म्हणजे २०२६ साली २५६९. आपण शके काढताना इसवी सनातून ७८ वजा करतो तसे डोक्यात पक्के करून ठेवा आणि बँकेच्या पत्रावरची तारीख तिथेच तपासा.

काही एजंट सांगतात, "पैसे आणूच नका, आम्ही दोन दिवस तुमच्या खात्यात आठ लाख दाखवतो, एवढी फी द्या." हे खोटे कागद आहेत आणि पकडले गेले तर व्हिसा रद्द होतो, परत प्रवेशही बंद होऊ शकतो. सत्तराव्या वर्षी भाड्याच्या घरातून सामान गुंडाळायची वेळ कोणावर येऊ नये. ज्यांच्याकडे रक्कम नाही त्यांनी एक-दोन वर्षे थांबावे, किंवा दर हिवाळ्यात प्रवासी म्हणून येऊन राहावे.

शिक्का मिळाल्यानंतर

मुदतवाढ मिळाली की पैसे मोकळे झाले असे समजू नका. २०१९ पासूनचा नियम असा की पुढचे तीन महिने ८,००,००० तसेच राहिले पाहिजेत. त्यानंतर ४,००,००० पर्यंत खाली आणता येतात, पण वर्षभर त्याच्या खाली नाही. आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा पूर्ण आठ. वर्षातले पाच महिने पूर्ण रक्कम अडकलेली आणि उरलेले सात महिने निम्मी. बहुतेक जण काढत-घालत बसत नाहीत, सगळी रक्कम तशीच ठेवतात. त्याची किंमत आहे. भारतात सात टक्के व्याज धरले तर २२ लाखांवर वर्षाला दीड लाखांच्या वर, आणि थाई बचत खात्यावर त्याच्या तुलनेत नावापुरते. इथे राहायचा खर्च मांडताना हे दीड लाख त्यात धरा.

कर भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वर्षात १८० दिवस किंवा अधिक थायलंडमध्ये राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी होता, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेरचे उत्पन्न थायलंडमध्ये आणले तर त्यावर तिथे कर लागू शकतो. त्या तारखेच्या आधी कमावलेली बचत यातून सुटते. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारे स्टेटमेंट बँकेच्या सही-शिक्क्यानिशी आजच काढून ठेवा. आठ लाख बाथ त्या जुन्या बचतीतून आले असे दाखवता आले तर प्रश्न मिटतो. भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पेन्शन आणि व्याजाचे काय होते ते सीएकडून समजून घ्या.

आता जे लिहितो आहे ते दोघांनी मिळून वाचावे. थाई बँकेत आपल्यासारखी नॉमिनीची सोय नाही. खातेदार गेला की खाते थांबते, आणि वारसाला न्यायालयातून व्यवस्थापक नेमून घ्यावा लागतो. त्यात महिने जातात. वर, जोडीदार म्हणून राहणाऱ्याचा मुक्कामाचा आधार मूळ अर्जदाराच्या व्हिसावर असतो. नवरा गेला, पैसे गोठले आणि व्हिसाचाही आधार गेला, असे एकाच आठवड्यात होऊ शकते. इथे ओळखीच्या एका वहिनींवर ही वेळ आली. चौथ्या दिवशी घरमालकीण भाडे मागायला आली तेव्हा त्यांच्याकडे स्वतःच्या नावाचे थाई खातेही नव्हते. शेजाऱ्यांनी वर्गणी काढली.

म्हणून बायकोच्या एकटीच्या नावाने दुसरे खाते उघडा आणि त्यात किमान सहा महिन्यांचा खर्च ठेवा. थायलंडमधल्या पैशापुरते थाई आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मृत्युपत्र करा. तिचेही वय ५० च्या पुढे असेल आणि ऐपत असेल तर दोघांनी आपापले आठ लाख दाखवावे. ज्यांना शक्य आहे त्यांना मी हेच आग्रहाने सांगतो. आमच्याकडे ते दुसऱ्या वर्षी जमले. आता दोघांची पासबुके वेगळी, दोघांच्या तारखा वेगळ्या, आणि देवघराशेजारच्या कॅलेंडरवर चार रंगांच्या खुणा आहेत: तीन महिने कधी भरतात, पूर्ण आठ लाख कधीपासून हवेत, अर्ज कधी, आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा तो दिवस कधी.

पहिल्या गणपतीला घरी जायची ओढ प्रत्येकाला असते. निघण्यापूर्वी इमिग्रेशन कचेरीत जाऊन रि-एन्ट्री परमिट घ्या. एका फेरीचे १,००० बाथ, अनेक फेऱ्यांचे ३,८००. ते न घेता देशाबाहेर पाऊल टाकले तर मुदतवाढ तिथेच संपते, आणि आठ लाख, दोन महिने, पत्र, पासबुक सगळे पुन्हा पहिल्यापासून. अनेक फेऱ्यांचेच घ्या. घरून कधी फोन येईल आणि रात्रीच्या विमानाने निघावे लागेल, हे आपल्या वयात सांगता येत नाही.